६.५ क्रीडमूर घेऊ की .३०८? हजार यार्डांची नेमबाजी सुरू करायची आहे

पन्हाळ्याचा_पाऊस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली चौदा वर्षं ओहायोत. कॉलेजात एनसीसीला होतो तेव्हा .२२ ने पालथं पडून जे काही बार काढले तेवढाच अनुभव. गेल्या उन्हाळ्यात पोरांना घेऊन लेक एरीच्या काठी गेलो होतो, तिथे कॅम्प पेरीला राष्ट्रीय सामने चालू होते. १९०७ पासून त्या जागी हे सामने होतात म्हणे. साठी-सत्तरीचे आजोबा सतरंजीवर पालथे पडून हजार यार्डांवर, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर लांब, नेम धरत होते. तासभर बघत बसलो आणि किडा डोक्यात शिरला तो अजून निघत नाही.

ग्रीन कार्ड झालंय. घरापासून चाळीस मिनिटांवर क्लब आहे, ६०० यार्डांची रेंज, महिन्यातून एक एफ-क्लास सामना (दुर्बीण आणि टेका घेऊन, पालथं पडून). हजार यार्डांसाठी तीन तास गाडी हाकावी लागेल. सगळं धरून बजेट ४००० डॉलर.

दुकानात गेलो तर काउंटरवरच्या माणसाने .३०० विन मॅग काडतुसाची रायफल हातात दिली. 'हजार यार्ड म्हणतोस ना, मग ताकद पाहिजे.' इंटरनेटवर बघावं तर सगळे ६.५ क्रीडमूरची आरती करतात. क्लबातले म्हातारे म्हणतात .३०८ घे आणि गप पड. माझं डोकं फिरलंय. शिकार करायची नाही, फक्त कागदाला भोकं पाडायची आहेत.

डेन्व्हरचा_दादा

६.५ क्रीडमूर. धागा बंद करा.

गंमत केली. पण खरंच, .३०० विन मॅग अजिबात नको. सामन्यात साठ-सत्तर बार काढायचे असतात, पालथं पडून. विसाव्या बारानंतर खांदा बोलायला लागतो आणि तिसाव्या बाराला चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला ब्रेक लावीन म्हणशील, तर एफ-क्लासला ब्रेक चालत नाही. ते शिकाऱ्यांचं काडतूस आहे, शिकाऱ्याला दिवसात एक नाहीतर दोन बार काढायचे असतात.

आता आकडे. ६.५ ला १४० ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीचं वजन), नळीतून निघताना वेग साधारण सेकंदाला २७०० फूट. .३०८ ला नेहमीची १७५ ग्रेन, २६०० च्या आसपास. ताशी १० मैलांचा आडवा वारा असेल तर हजार यार्डांवर ६.५ ची गोळी सुमारे ७५ इंच वाहते, .३०८ ची शंभराच्या वर. खाली पडण्याचा हिशेब तसाच: १०० यार्डांवर नेम जुळवलेल्या (झीरो केलेल्या) ६.५ ला हजारावर ३० एमओएच्या (एमओए हे कोनाचं माप, हजार यार्डांवर साधारण दहा इंच) आसपास चढवावं लागतं, .३०८ ला ४० च्या घरात. वर .३०८ हजारापाशी पोचेपर्यंत आवाजाच्या वेगाला टेकते आणि तिथे गोळ्या झिंगल्यासारख्या करतात. ६.५ बाराशे यार्डांपर्यंत आरामात आवाजाच्या पुढे असते. धक्काही कमी.

टिका टी३एक्स किंवा बर्गारा बी-१४ एचएमआर घे, वर व्होर्टेक्सची ५-२५ दुर्बीण, फॅक्टरीची मॅच काडतुसं. बजेटात बसतं. माझी स्वतःची बर्गाराच आहे, पीआरएस खेळतो.

साशंक

अज्ञानी प्रश्न. कागदाला भोकं पाडायला ४००० डॉलर? पंचिंग मशीन वीस डॉलरला मिळतं.

पन्हाळ्याचा_पाऊस

@साशंक, बायकोनेही हेच विचारलं. शब्द न् शब्द.

नळीचा_हिशेब

धागाकर्त्याने एक शब्द लिहिलाय आणि तो कुणीच नीट वाचला नाही. *एफ-क्लास.*

मी टेक्सासात सहा वर्षं एफ-टीआर खेळते आहे. दादाचे आकडे बरोबर आहेत, त्यावर वाद नाही. पण काडतूस निवडायच्या आधी कुठल्या पंगतीत बसायचंय ते ठरवावं लागतं, कारण वाढप त्यावर ठरतं.

एफ-क्लास ही पद्धत कॅनडातल्या जॉर्ज फार्कहारसन यांनी सुरू केली, म्हणून तो 'एफ'. डोळे आणि सांधे साथ देईनात तेव्हा भोकाची साइट आणि स्लिंग (हाताला आवळायचा पट्टा) सोडून दुर्बीण आणि टेका घेऊन खेळता यावं, ही मूळ कल्पना. तिचे दोन वर्ग आहेत. एफ-ओपनमध्ये रायफल १० किलोपर्यंत, पुढे जडशीळ रेस्ट, काडतूस जवळजवळ कुठलंही. एफ-टीआरमध्ये रायफल बायपॉड (पुढचे दोन पाय) आणि दुर्बिणीसकट ८.२५ किलो आणि काडतूस दोनच: .३०८ विंचेस्टर किंवा .२२३ रेमिंग्टन. बस.

म्हणजे ६.५ क्रीडमूर घेऊन तू गेलास की तुला सरळ एफ-ओपनमध्ये बसवतात. तिथे शेजारी कोण? .२८४ च्या घराण्यातली ७ मिलिमीटरची काडतुसं, १८० ग्रेनची गोळी, पाच-सहा हजार डॉलरची रायफल आणि तेवढीच महागडी रेस्ट घेऊन बसलेले लोक. तुझी बर्गारा आणि बायपॉड तिथे म्हणजे बैलगाडीच्या शर्यतीत सायकल. .३०८ घेऊन एफ-टीआरमध्ये गेलास तर वारा सगळ्यांना सारखाच लागतो. तुझी गोळी शंभर इंच वाहते, तशी शेजाऱ्याचीही वाहते. मग प्रश्न एवढाच उरतो की तो वारा कुणी ओळखला.

दादा पीआरएस खेळतो. तिथे ६.५ (आणि आता खरं तर ६ मिलिमीटरवाले, डॅशर वगैरे) ठीकच आहे. तो खेळ वेगळा. ओंडक्यावर, शिडीवर, छपरावर रायफल टेकवून घड्याळाशी शर्यत आणि लोखंडी पाट्या. धागाकर्त्याच्या क्लबात तो होतच नाही.

अवांतर, पण महत्त्वाचं: तुझं ग्रीन कार्ड आहे म्हणून ठीक. हा धागा एच-१बी वर असलेलं कुणी वाचत असेल तर आधी थांबा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच फेडरल कायद्याने मनाई आहे. अपवाद मोजके आहेत, राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक. दुकानदार सांगतो ते ऐकू नका, वकिलाला विचारा. एका चुकीने स्टेटस जाईल.

डेन्व्हरचा_दादा

ताई, एक बार आणि एक्स, म्हणजे अगदी मधोमध. एफ-टीआरचा मुद्दा माझ्याकडून सुटला.

तरी एक शंका. .३०८ हजार यार्डांवर आवाजाच्या वेगाशी मारामारी करते हे तर खरंच ना? मग सगळेच झिंगलेल्या गोळ्या मारत बसतात का?

नळीचा_हिशेब

गोळीवर अवलंबून आहे आणि नळीवर.

.३०८ ची बदनामी बरीचशी १६८ ग्रेनच्या मॅचकिंगमुळे झाली. ती गोळी मुळात ३०० मीटरच्या सामन्यांसाठी केलेली. तिचं बूड फार उताराचं आहे, त्यामुळे आवाजाच्या वेगाजवळ आली की डगमगते. ८००-९०० यार्डांपुढे तिचा भरवसा नाही. काउंटरवर '.३०८ मॅच' म्हणून हमखास तीच देतात. ६०० ला बिनधास्त वापर, हजारला नको. तिथे १७५ पासून वर जा. एफ-टीआरमध्ये सध्या चालते ती २०० ग्रेनची बर्गर हायब्रिड, तीस इंची नळीतून. तिचा हवा कापायचा गुण जवळपास दादाच्या १४० ग्रेनच्या बरोबरीचा आहे. फरक एवढाच की खांदा दुखतो.

पण लांब गोळी स्थिर राहायला नळीच्या आतल्या खाचांचा पीळ घट्ट हवा. २०० ग्रेनला १० इंचांत एक फेरा, म्हणजे १:१०. बऱ्याच जुन्या फॅक्टरी .३०८ रायफलींना १:१२ असतो, त्यात ती गोळी आडवी होऊन कागदात शिरेल आणि भोक किल्लीच्या भोकासारखं लांबट पडेल. मी हे स्वतः करून पाहिलेलं आहे. पहिली रायफल स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, पीळ विचारलाच नाही. विकणाऱ्याने सांगितलाही नाही, पण विचारायचं काम माझं होतं. तेव्हा नळीवर कोरलेलं वाच, नसेल कोरलेलं तर सळईला घट्ट चिंधी गुंडाळून आत ढकल आणि एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो ते मोज.

आता माझ्या नावाला जागते. नळी ही टायरसारखी असते, झिजणारच. .३०८ ची नळी पाचेक हजार बार सहज चालते. ६.५ क्रीडमूरची अडीच ते तीन हजार. ६.५-२८४ ची हजाराच्या आसपासच दम तोडते. नवी नळी बसवून घ्यायची म्हणजे सात-आठशे डॉलर आणि गनस्मिथकडे महिनोन्‌महिने रांग. नवशिक्याने पहिल्या दोन वर्षांत जेवढे बार काढायला हवेत तेवढ्यात ६.५ ची नळी संपते.

शब्दवेडा

विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण शब्दांसाठी वाचतोय. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. वर्गात मास्तर म्हणायचे 'शिस्त पाळा', ती शिस्त हीच! नळीच्या टोकावरच्या नेमाच्या टोकाला माशी म्हणतात, बरोबर ना? आणि काडतूस म्हणजे गोळी नव्हे, हे धाग्यात सगळ्यांनी नीट पाळलंय त्याबद्दल अभिनंदन. वर्तमानपत्रात 'दहा गोळ्या जप्त' वाचून वाचून कंटाळा आला होता.

दुधाळी_पॉइंट

माशी बरोबर. एनसीसीवाल्यांना तर 'अच्छी पकड, सही शिस्त' झोपेतपण आठवल.

धागाकर्ता गाववाला निघाला म्हणून लिहितो. मी कोल्हापुरात ५० मीटर प्रोन (पालथं पडून) मारतो आणि पोरांना शिकवतो. आमच्याकडं हजार यार्डांची रेंज कुठनं आणायची भावा? नागरिकांना तसली रेंज मी तरी बघितली नाही. .३०८ म्हणशील तर ७.६२ आणि .३०३ हे इकडं प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेलं माप. त्यामुळं आम्ही .२२ वाले. पण .२२ ला हसू नको. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली ती ह्याच .२२ वर, आणि स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं तेपण .२२ वरच. ४५१.४ गुण, अजून पाठ हाय.

एक हिशेब सांगतो, बघ पटतोय का. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचा घेरा १०.४ मिलिमीटरचा. एफ-क्लासला हजार यार्डांवर दहाचा घेरा म्हणं १० इंचांचा, त्यात ५ इंचांचा एक्स. लांबीनं भागून कोन काढ. आमचा दहा भरतो ०.७ एमओए, तुमचा दहा जवळजवळ १ एमओए. म्हणजे नुसत्या नेमाचा विचार केला तर आमची पोरं तुमच्यापेक्षा बारीक घेऱ्यात मारतात, आणि तेपण दुर्बिणीशिवाय. मग हजार यार्डांवर अवघड काय हाय? वारा. नुसता वारा. बाकी सगळं आम्ही ५० मीटरवर शिकून घेतोय.

त्यामुळं माझं म्हणणं, ४००० मधले हजारभर बाजूला काढ आणि एक बरी बोल्ट .२२ घे. सीझेड ४५७ नाहीतर टिका टी१एक्स. क्लबात २०० यार्डांवर मार. .२२ ची गोळी आवाजाच्या वेगाच्या खालीच चालती, २०० यार्डांवर वारा तिला असा ओढतोय की कोनात मोजलं तर ६.५ च्या हजार यार्डांच्याच पट्टीत येतंय. काडतूस मिळतंय पंधरा-वीस सेंटला. हजार बार काढ, वारा आपोआप कळायला लागल.

पन्हाळ्याचा_पाऊस

दुधाळीची रेंज म्हटल्यावर अंगावर काटा आला राव. रंकाळ्यावरून जाताना तिथले बार ऐकू यायचे.

.२२ चा सल्ला पटला, पण मग मोठ्या रायफलला (सेंटरफायर) ३००० च उरतात. ताई, एवढ्यात एफ-टीआर होते का? नवी की जुनी? आणि काडतुसं स्वतः भरायची असतात असं सगळे म्हणतात. ते पहिल्याच दिवसापासून करायचं?

नळीचा_हिशेब

होते. नवी घेऊच नको. क्लबात जा, सामना बघ आणि म्हाताऱ्यांना विचार: 'कुणी जुनी एफ-टीआर विकतंय का?' दर क्लबात एक तरी माणूस एफ-ओपनकडे निघालेला असतो नाहीतर गुडघे गेल्यामुळे खेळ सोडत असतो. त्याची रायफल, बायपॉड, मागची वाळूची पिशवी, कधी कधी दुर्बीणसुद्धा एकत्र मिळते. मिळेल तेव्हा तीनच गोष्टी विचार: नळीतून किती बार गेलेत, पीळ किती, आणि ॲक्शन (बोल्ट बसतो तो भाग) रेमिंग्टन ७०० च्या मापाची आहे का. तिसरं अशासाठी की त्या मापाला नळ्या, ट्रिगर, दस्ते सगळं बाजारात मुबलक मिळतं. चार हजार बार झालेली नळी असेल तर घाबरू नको. नव्या नळीचे पैसे किमतीतून कापून घे.

दुर्बिणीला पैसे ठेव. सामन्यापुरतं बोलायचं तर मिल (कोनाचं दुसरं माप) की एमओए हा वाद करू नको. टार्गेटचे घेरे एमओएच्या हिशेबात आहेत आणि शेजारचे एमओएत बोलतात, तू एमओए घे. पायथ्याला २० एमओए उताराचा रेल बसव, नाहीतर हजार यार्डांवर चढवता चढवता दुर्बिणीचं चाक अडेल आणि तुझ्याकडे अजून आठ एमओए कमी असतील. सगळ्यात जास्त झूमच्या मागे लागू नको. दुपारी मृगजळ उसळलं की चाळीसपट झूममध्ये टार्गेट पाण्यात पडल्यासारखं हलतं, मग सगळे मुकाट्याने वीस-पंचविसावर येतात.

काडतुसं भरण्याबद्दल: पहिला हंगाम फॅक्टरीचीच मार. महाग पडतात, मॅचचं एक काडतूस दीड-दोन डॉलर, म्हणजे एका सामन्याला शंभर ते एकशे चाळीस डॉलर धुराला. पण तेव्हा तुला एकाच वेळी दोन गोष्टी शिकायच्या नसतात. रिकाम्या पुंगळ्या मात्र एकही टाकू नको, त्या पुढच्या वर्षी भरायच्या आहेत. भरायला लागलास की वेगमापक लागेल. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला वीस फुटांचा फरक पडला तर १०० यार्डांवर काही दिसत नाही, ६०० लाही खपून जातं, पण हजारावर सहा-सात इंच वरखाली होतं, आणि दहाचा घेरा तर वर पाच, खाली पाच.

.२२३ बद्दल कुणी विचारलं नाही म्हणून सांगते. ८० ते ९० ग्रेनची लांब गोळी आणि १:७ पिळाची नळी असेल तर .२२३ एफ-टीआरमध्ये ६०० ला फार गोड चालते. धक्का नाही, खर्च कमी. हजाराला मात्र तिची दमछाक होते. ज्यांना फक्त ६०० खेळायचंय त्यांनी जरूर विचार करावा.

बिस्लीचे_काका

उशिरा आलो, पण धागा कोल्हापूरकराचा आहे म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी इंग्लंडात. वयाच्या पन्नाशीत बिस्लीच्या रेंजवर जायला लागलो, आज सत्तरीत आहे. आमच्याकडे टार्गेट रायफल: .३०८, १५५ ग्रेनची गोळी, दुर्बीण नाही, डोळ्यापुढे बारीक भोकाची साइट, हाताला स्लिंग. पाल्मा सामनेही याच धाटणीचे, ८००, ९०० आणि १००० यार्ड. बिस्लीची स्टिकलडाउन रेंज १२०० यार्डांपर्यंत जाते.

तुम्ही सगळे ६.५ क्रीडमूर म्हणता ते 'क्रीडमूर' म्हणजे लाँग आयलंडवरची जुनी रेंज, क्रीड नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीवरची. १८७४ साली तिथे आयर्लंड आणि अमेरिका यांचा लांब पल्ल्याचा सामना झाला. अमेरिका जिंकली, ९३४ विरुद्ध ९३१. फरक तीन गुणांचा. आणि आयरिश संघातल्या मिल्नर यांचा एक बार अगदी मधोमध लागला होता, पण शेजारच्या टार्गेटवर! गुण शून्य. तो बार आपल्या टार्गेटवर असता तर आज काडतुसाचं नाव दुसरं असतं की काय कुणास ठाऊक. हॉर्नडीने ते काडतूस २००७ च्या सुमारास आणलं, नाव सव्वाशे वर्षं जुन्या मैदानाचं.

आता कोल्हापूर. बिस्लीला दरवर्षी एक सांघिक सामना होतो, ३००, ५०० आणि ६०० यार्ड. ब्रिटन, कॅनडा असे संघ उतरतात. त्याचं नाव 'द कोलापोर'. होय, कोल्हापूर. राजाराम महाराज १८७० साली विलायतेला आले होते. परतीच्या वाटेवर त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्सला त्यांचं निधन झालं, वय फक्त वीस. तिथे नदीकाठी त्यांची छत्री आहे. कोल्हापूरच्या राजाच्या नावाने दिलेला तो चषक नेमबाजी अजून विंबल्डनच्या माळावर होत होती तेव्हापासूनचा. १८९० ला सगळा कारभार बिस्लीला आला, चषकही आला. इथल्या गोऱ्या मंडळींना कोलापोर नक्की कुठे आहे ते बहुधा माहीत नसतं. मी प्रत्येक जुलैत दोन-चार जणांना नकाशावर दाखवतो.

दुधाळी_पॉइंट

काका!!! पस्तीस वर्षं नेमबाजीत हाय, हे एकानं सांगितलं नव्हतं. उद्या रेंजवर पोरांना पहिलं हेच सांगतो. बारीक घेऱ्याचं राहू दे.

पन्हाळ्याचा_पाऊस

मी दोनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. 'म्हणजे आता हे घराणं म्हणून करायचं का' म्हणाली.

काका, वारा ओळखायचा कसा ते सांगाल? सगळे 'वारा वारा' म्हणतात, पण कसा ते कुणी सांगत नाही.

बिस्लीचे_काका

लिहून शिकवता येत नाही, तरी प्रयत्न करतो.

निशाणं सगळे बघतात. निशाण जुनी बातमी देतं. कापड जड असतं, ओलं असलं तर आणखी आळशी. त्यापेक्षा मृगजळ बघा. स्पॉटिंग स्कोप टार्गेटवर फोकस करा आणि मग फोकस किंचित अलीकडे आणा. तापलेली हवा ओढ्याच्या पाण्यासारखी डावीउजवीकडे वाहताना दिसेल. मंद वाऱ्यात लाटा उंच, वारा वाढला की चपट्या होतात आणि पळतात. ताशी बारा-पंधरा मैलांच्या पुढे त्या इतक्या चपट्या होतात की वाचता येत नाहीत, तिथून निशाणांकडे वळावं. आणि लाटा सरळ वर उकळायला लागल्या तर चापावरून बोट काढा. वारा एकतर पडलाय किंवा नेमका समोरून-मागून आहे, आणि पुढच्या सेकंदाला तो कुठल्याही बाजूला वळू शकतो. नवशिके ह्याच वेळी 'वारा नाही' म्हणून बार काढतात आणि सातात जातात.

दुसरं, सगळा वारा एकसारखा मोजू नये. तुमच्याजवळचा वारा गोळीला सुरुवातीलाच कोन देतो आणि तो कोन पुढे सगळ्या वाटेवर वाढत जातो. टार्गेटजवळच्या वाऱ्याला तेवढा वेळच मिळत नाही. दरी असेल तर गोळी मधल्या टप्प्यात पुष्कळ उंच असते, तिथला वारा जमिनीवर जाणवतो त्याहून जोरात वाहतो.

आणि लिहून ठेवा. प्रत्येक बार, आधी काय वाटलं, काय लावलं, कुठे लागलं. माझ्याकडे वीस वर्षांच्या वह्या आहेत. त्यातल्या पहिल्या पाच वर्षांच्या वाचल्या की हसू येतं.

इंग्लंडातल्या कुणाला सुरू करायचं असेल तर: आधी क्लब, तिथे किमान तीन महिने उमेदवारी, मग पोलिसांकडे परवान्याचा अर्ज. परवान्यावर प्रत्येक रायफल आणि कॅलिबर वेगळं मंजूर होतं. दुकानात जाऊन 'ती वरची द्या' असं इथे होत नाही.

साशंक

पंचिंग मशीनचा शब्द मागे घेतो. पुण्यात आहे, मुलगी तेरा वर्षांची. परवान्याशिवाय काही सुरू करता येतं का?

दुधाळी_पॉइंट

येतंय की. १० मीटर एअर रायफल. .१७७ ची आणि २० ज्यूलच्या आतली असली तर परवाना लागत नाही. बालेवाडीला जाऊन बघा, आधी क्लबची रायफल वापरू द्या, दोन महिन्यांनी पोरगी स्वतःहून उठून जाती का ते बघा, मगच विकत घ्या. तेरा वर्षं म्हणजे बरोबर वय हाय.

डेन्व्हरचा_दादा

धागाकर्ता गायब झालाय. बहुतेक .३०० विन मॅग घेतली.

पन्हाळ्याचा_पाऊस

(चार महिन्यांनी)

नाही हो दादा. वृत्तांत देतो.

ताईंचं ऐकलं. क्लबातल्या एका ७४ वर्षांच्या आजोबांकडून जुनी .३०८ एफ-टीआर घेतली. रेमिंग्टन ७०० ची ॲक्शन, तीस इंची नळी, पीळ १:१० (चिंधी आणि सळईने मोजला, आजोबा बघत होते, खूश झाले), २,२०० बार झालेले. बायपॉड आणि मागची पिशवी त्यांनी तशीच दिली. दुधाळीकरांचं ऐकून .२२ ची सीझेडही घेतली आणि तीन महिने दर रविवारी २०० यार्डांवर वारा खाल्ला. पहिल्या महिन्यात वाटलं रायफल बिघडलीय.

गेल्या शनिवारी पहिला सामना. ६०० यार्ड, वीस-वीस बारांच्या तीन फेऱ्या. एकूण ६०० पैकी ५३५. फेऱ्या अशा: १७६, १७१, १८८. मधल्या वेळात खड्ड्यात ड्यूटी होती, टार्गेट खाली ओढायचं, भोकावर ठिकरी चिकटवायची, परत वर ढकलायचं. डोक्यावरून गोळ्या जाताना चाबकासारखा आवाज येतो. आधी दचकलो, मग दहाव्या-बाराव्याला सवय झाली.

पहिल्या फेरीत मृगजळ उकळताना बार काढला. सात. काका, तुमचीच आठवण झाली.

नळीचा_हिशेब

पहिल्या सामन्याला ५३५ चांगले आहेत. माझे ५१२ होते. पण १७६ वरून १७१? दुसऱ्या फेरीत वारा बदलला का?

पन्हाळ्याचा_पाऊस

वारा नाही ताई. सांगायचं नव्हतं, पण विचारलंत म्हणून. सातव्या बारानंतर माझं टार्गेट खाली जाईचना. शेजारच्या आजोबांचं गेलं, त्यांनी तर बार काढलाच नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे बघून टोपी किंचित उचलली.

बिस्लीचे_काका

मिल्नरसाहेब! आणि लागला कुठे?

पन्हाळ्याचा_पाऊस

एक्स होता, काका. त्यांच्या टार्गेटवर.